प्रेरणेचे ऋण

डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून शेवटच्या प्रकल्पापर्यंत एक प्रश्न सतत विचारला जातो: हे कुठून आले? ज्युरीच्या दिवशी भिंतीवर रेखाटने, नमुने आणि मूड बोर्ड लावलेले असतात. परीक्षक कधी एखाद्या आकाराबद्दल, कधी रंगाबद्दल, कधी साध्या वळणाबद्दल हीच विचारणा करतात. उत्तर बहुधा एका शब्दात येते: निसर्ग, वारली, वाडा, गोधडी, पैठणी. त्या एका शब्दाखाली फार जुना तात्त्विक प्रश्न दबलेला असतो. नवी वस्तू घडवणाऱ्याला तिची कल्पना मिळते कुठून, मिळाल्यावर ती त्याची होते का, आणि जिथून मिळाली तिथले काही देणे लागते का? भारतीय परंपरेने या तिन्ही बाबींचा विचार केला आहे. तो मुख्यतः मंत्राच्या आणि काव्याच्या निमित्ताने झाला, तरी रिकाम्या कागदासमोर बसलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्याला तो पुरेपूर लागू पडतो.

कल्पना कुठून येते याबद्दल ऋग्वेदातच दोन भूमिका शेजारी शेजारी नांदतात. परंपरा ऋषींना मंत्रद्रष्टे मानते. मंत्र त्यांनी रचला नाही, त्यांना तो दिसला. पण त्याच ऋग्वेदात काही कवी आपल्या सूक्ताची तुलना कुशल कारागिराने घडवलेल्या रथाशी करतात. पाचव्या मंडलात अग्नीच्या एका सूक्ताचा कवी हेच सांगतो. रथ आयता दृष्टीस पडत नाही. त्यासाठी लाकूड पारखावे लागते, तासावे लागते, चाक आणि आस यांचे माप जुळवावे लागते. दिसणे आणि घडवणे या दोन्ही अनुभवांना त्या कवींनी जागा दिली. पुढे मीमांसकांनी पहिली भूमिका टोकाला नेली आणि वेद अपौरुषेय ठरवला. वेदाचा कर्ता कोणाच्याही स्मरणात नाही, हा त्यांच्या युक्तिवादांपैकी एक होता. डिझाइनच्या संदर्भात हा युक्तिवाद फार मोलाचा आहे आणि धोक्याचाही आहे.

मराठी वाचकाला हीच जोडी तुकोबांच्या अभंगांत भेटते. आपण आपल्या बळावर बोलत नाही, बोलवता धनी वेगळा आहे, अशी त्यांची ठाम धारणा आहे. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्वाचे काम सोपवून गेले, हेही ते सांगतात. मात्र ज्या अभंगात ते स्वतःची हकिकत क्रमाने सांगतात, तिथे स्फूर्ती एकदम अवतरत नाही. आधी संतांची वचने आदराने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांचे ध्रुपद मागे राहून धरले. मग स्वप्नात गुरूचा उपदेश झाला, आणि कवित्वाची स्फूर्ती त्यानंतर आली. प्रसाद आणि पाठांतर यांत त्यांना विरोध दिसला नाही. स्फूर्ती देवाची मानणाऱ्या कवीनेही तिच्याआधी दुसऱ्याच्या मागे उभे राहून गाण्याचा काळ नोंदवला, ही गोष्ट कलाशिक्षणाच्या दृष्टीने विलक्षण आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने याच अनुभवाची पद्धतशीर मांडणी केली. काव्याची तीन कारणे तिथे येतात: प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी प्रतिभा म्हणजे सतत नवे नवे उन्मेष फुटणारी प्रज्ञा, अशी व्याख्या केली आणि ती पुढे सर्वमान्य झाली. वाद होता तो तिन्हींच्या नात्याचा. पूर्वसंस्कारातून आलेली प्रतिभा नसली तरी श्रवण आणि यत्न यांनी उपासना केल्यास वाणी काहीतरी कृपा करतेच, असा दिलासा दंडी देतो. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या मते शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तीन मिळून एकच कारण होते. सुटे सुटे त्यांना बळ नाही. सतराव्या शतकात जगन्नाथ पंडिताने एकट्या प्रतिभेला कारण मानले खरे, पण ही प्रतिभा काहींच्या ठिकाणी पूर्वपुण्याने येते आणि काहींच्या ठिकाणी असामान्य व्युत्पत्ती व अभ्यास यांमधून उपजते, असेही म्हटले. म्हणजे समोरून बाहेर काढलेला अभ्यास मागच्या दाराने आत आला.

डिझाइनच्या शाळा दंडीच्या बाजूला उभ्या आहेत. तसे नसते तर शाळा काढण्याचे कारणच उरले नसते. जर्मनीत वायमार इथे 1919 साली सुरू झालेल्या बाउहाउसमध्ये योहानेस इटन यांनी प्राथमिक अभ्यासक्रम आखला. लाकूड, कापड, धातू, काच हाताळून त्यांचा पोत ओळखणे, प्रकाश-अंधार किंवा खरखरीत-गुळगुळीत अशा विरोधांवर काम करणे, हा त्याचा गाभा होता. इटन धर्मसाधक वृत्तीचे होते आणि वर्गाची सुरुवात श्वासाच्या व शरीराच्या व्यायामांनी करत. दुसऱ्या महायुद्धानंतर उल्म इथे निघालेल्या शाळेने ही साधनेची बाजू सोडून पद्धतीवर, विज्ञानावर भर दिला. उल्ममध्ये शिकलेले सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने 1969 साली पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र उभे राहिले आणि तो वारसा मुंबईत आला. या शाळांत प्रतिभा शिकवता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. शिकवली जाते ती पाहण्याची शिस्त.

पाहायचे काय, हा मग पुढचा प्रश्न. निपुणता लोक, शास्त्र आणि काव्य यांच्या निरीक्षणातून येते, असे मम्मट सांगतो, आणि त्यात लोकव्यवहाराला पहिले स्थान देतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राने हे वर्तुळ आणखी मोठे केले. वज्र राजाला मूर्ती घडवण्याची विद्या हवी असते. मार्कंडेय ऋषी त्याला सांगतात की चित्र कळल्याशिवाय मूर्ती कळणार नाही, नृत्य कळल्याशिवाय चित्र कळणार नाही, नृत्यासाठी वाद्य आणि त्यासाठी गायन जाणावे लागेल. मूर्तिकाराला गाणे समजले पाहिजे, ही अट आजच्या अभ्यासक्रमांतही क्वचितच इतक्या स्पष्टपणे घातली जाते. खुर्ची घडवणाऱ्या विद्यार्थ्याने खुर्च्यांचीच चित्रे चाळत बसावे, ही सवय या संवादाने चुकीची ठरते.

पाहण्याची याहून व्यापक शिकवण भागवताच्या एकादश स्कंधात आहे. यदुराजाला भेटलेला अवधूत आपले चोवीस गुरू मोजून सांगतो. पृथ्वी, वारा, आकाश, कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, कोळी, पिंगला नावाची गणिका अशी ती यादी आहे. महाराष्ट्रातल्या दत्तसंप्रदायाने या अवधूताला दत्तात्रेय मानले, आणि एकनाथांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या भागवतटीकेत प्रत्येक गुरूचा विस्तार केला. या चोवीसांत एक बाण घडवणारा कारागीर आहे. तो बाण सरळ करण्यात इतका बुडून गेलेला असतो की जवळून गेलेली राजाची स्वारीही त्याला कळत नाही. एकाग्रतेचा धडा देण्यासाठी ग्रंथाने ध्यानस्थ योग्याऐवजी कारागीर निवडला, याचा डिझाइनच्या विद्यार्थ्याला अभिमान वाटायला हवा. भुंगाही त्या यादीत आहे. तो लहानमोठ्या सगळ्या फुलांतून सार घेतो, कोणत्याही फुलाला इजा न करता.

या यादीतली खरी शिकवण तिच्या रचनेत आहे. अवधूत सगळ्यांचे मिळून एक मोघम ज्ञान सांगत नाही. कोणाकडून काय घेतले, हे तो एकेक करून सांगतो, आणि काहींकडून काय टाळायचे ते शिकल्याचेही नमूद करतो. ‘निसर्गातून प्रेरणा’ असे लिहून थांबणाऱ्या विद्यार्थ्याच्या आणि अवधूताच्या उत्तरांत हेच अंतर आहे. निसर्ग हे कशाचेच नाव नाही. कोळ्याच्या जाळ्यातला ताण, पानाच्या शिरांची फाटाफूट, शिंपल्याची वाढ, यांपैकी नेमके काय घेतले ते सांगता आले तरच ते शिकणे ठरते.

निसर्गाकडून घेतलेले कोणी परत मागत नाही. माणसाकडून घेतले की गुंता होतो, आणि संस्कृत साहित्यशास्त्र या गुंत्याला थेट भिडले. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या शेवटच्या भागात दोन कवींच्या रचनांतल्या साम्याचे तीन प्रकार केले. एक आरशातल्या प्रतिबिंबासारखे, दुसरे चित्रासारखे, तिसरे एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन जिवंत माणसांसारखे. पहिले दोन त्याज्य, कारण त्यांना स्वतःचा प्राण नाही. तिसऱ्याला दोष नाही. दोन चेहरे सारखे असले तरी दोन्ही देहांत आपापला जीव असतो. जुने अर्थही रसाच्या स्पर्शाने वसंतातल्या झाडांसारखे नवे भासतात, असे तो म्हणतो. नवेपणाची ही कल्पना फार उदार आहे. ‘आजवर कोणी केले नाही ते कर’ असे ती सांगत नाही. हाती घेतलेल्यात जीव घालायला सांगते.

राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास काव्यमीमांसेत हा विषय आणखी सविस्तर हाताळला. त्याचा पूर्वज अकालजलद हा महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून गौरवला गेला होता, त्यामुळे मराठी वाचकाने त्याला थोडा आपला मानायला हरकत नाही. चोरी न करणारा कवी नाही आणि चोरी न करणारा व्यापारीही नाही, इतक्या उघडपणे त्याने विषयाला तोंड फोडले. तो उसनवारीच्या पायऱ्या लावतो. प्रतिबिंबकल्प, म्हणजे सगळा अर्थ तोच आणि फक्त शब्द बदललेले. आलेख्यप्रख्य, म्हणजे थोडा संस्कार करून वेगळे भासवलेले. तुल्यदेहितुल्य, म्हणजे विषय भिन्न असून साम्य जाणवणारे. परपुरप्रवेश, म्हणजे मूळ एकच पण अंग पूर्णपणे दुसरे. यांखेरीज कोणताही स्रोत नसलेले, अयोनी, हा प्रकारही तो मानतो. पहिला प्रकार सर्वथा वर्ज्य. राजशेखराने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मतही नोंदवले आहे: तो कवी अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे, अशा कारणांनी दुसऱ्याचे शब्द घेता येतात. हजार वर्षांपूर्वीचे हे वाक्य आज वाचताना अस्वस्थ करते, कारण मोठ्या नाममुद्रा आणि नाव नसलेले कारागीर यांच्यातला व्यवहार आजही नेमका याच तत्त्वावर चालतो.

या पायऱ्या डिझाइनच्या टेबलावर ठेवून पाहाव्यात. पैठणीच्या पदरावरचा मोर उचलून मोबाइलच्या कव्हरवर छापला तर ते प्रतिबिंब. त्याच मोराचे रंग बदलले, पिसारा जरा मोकळा केला, तर ते आलेख्य. विद्यार्थ्यांचे पुष्कळ काम याच पायरीवर थांबते आणि त्याला ‘आधुनिक रूप’ असे नाव मिळते. परपुरप्रवेशाचे उत्तम उदाहरण देवनागरी अक्षररचनेत सापडते. बोरूचे टोक तिरके कापलेले असते, म्हणून रेघ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक उमटते. आज अक्षरे संगणकावर बिंदू आणि वक्र यांनी काढली जातात. तिथे बोरू नाही, शाई नाही, हाताचा दाबही नाही. तरी चांगल्या देवनागरी फाँटमध्ये जाड-बारीक रेघेचे नाते बोरूच्याच कोनातून ठरते. पवईच्या केंद्रात शिकवणारे र. कृ. जोशी हे सुलेखनकार होते आणि ‘मंगल’ हा संगणकावर घरोघरी पोहोचलेला देवनागरी फाँटही त्यांचाच. जुन्या लेखणीचा जीव नव्या साधनाच्या अंगात असा जातो. त्यासाठी बोरू हातात धरून महिनोन् महिने लिहावे लागते. नुसते पाहून हे होत नाही.

अनुकरण हाच दोष, असेही परंपरा मानत नाही. ऐतरेय ब्राह्मणात मानवी शिल्पांना देवशिल्पांची अनुकृती म्हटले आहे आणि हत्तीची प्रतिकृती, काशाची वस्तू, वस्त्र, सोने, खेचरांचा रथ अशी उदाहरणे दिली आहेत. तिथेच शिल्पे ही आत्म्याची संस्कृती आहेत, असे म्हटले आहे. ती घडवणाऱ्याला घडवतात. नक्कल आणि अनुकृती यांच्यातली रेषा इथून ओढता येते. मोर छापणारा मोराकडे पुन्हा पाहत नाही. बोरू धरणारा महिन्यांनंतर वेगळ्या हाताचा माणूस झालेला असतो.

स्रोत धार्मिक असला की प्रश्न आणखी अवघड होतो. पालघर जिल्ह्यातल्या वारल्यांच्या घरी लग्नात आतल्या भिंतीवर चौक लिहिला जातो. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचे पाणी आणि बांबूची काडी, एवढेच साहित्य. चौक लिहितात सुवासिनी, आणि धवलेरी गाणी म्हणत लग्नाचे विधी चालवते. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तो आधी विधी आहे आणि मग चित्र. देवीला घरात बोलावण्याची ती कृती आहे. लग्न झाल्यावर तो जपून ठेवावा, असेही काही नसते. डिझाइनचा विद्यार्थी त्या भिंतीसमोर उभा राहतो तेव्हा त्याला त्रिकोण, वर्तुळे, टिंबांच्या ओळी आणि सुंदर पांढरा-तांबडा मेळ दिसतो. ते दिसणे खोटे नाही. पण त्याच्या डोळ्याने त्या क्षणी रूप कृतीपासून सोडवून घेतलेले असते, आणि हे सोडवणे योग्य आहे का, हा खरा धर्मविषयक प्रश्न आहे. निखळ सौंदर्याच्या पाश्चात्त्य विचाराला, विशेषतः कांटच्या 1790 मधल्या मांडणीला, त्यात अडचण वाटणार नाही. प्रयोजनाविना, हेतूविना रूप पाहणे हीच तिथे सौंदर्यानुभवाची खूण. वारली सुवासिनीच्या लेखी प्रयोजन काढून घेतल्यावर चौक उरतच नाही.

तरीही वारली परंपरा बंदिस्त होती असे म्हणणे अन्याय्य होईल. 1970 च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराने वारली पाड्यांवर जाऊन कागद दिले, आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाखेरीज, रोज, चित्र काढायला सुरुवात केली. स्त्रियांच्या विधीतले लेखन एका पुरुषाच्या हातात आले. त्यांनी शेत, मासे धरण्याचे जाळे, तारप्याचा फेर, मुंग्यांची रांग असे आपले जग त्याच टिंब-रेघांत उभे केले. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 साली ते गेले. आज वारली चित्रकार कागदावर देवचौकही काढतात आणि विकतात. भेद त्यांना माहीत असतो: आवाहन केव्हा झाले आणि चित्र केव्हा काढले. बाहेरच्या विद्यार्थ्याला हा भेद माहीत नसतो, म्हणून त्याची मर्यादा वेगळी मानावी लागते. वारली चित्रभाषेचे व्याकरण त्याने शिकावे, त्रिकोणांचा तोल का साधतो ते उलगडावे, चित्रकारांसोबत काम करावे. पालघट देवीला मात्र चहाच्या मगवर उतरवू नये. जिला बोलावलेले नाही आणि जिची पूजा करायची नाही, तिला वस्तू विकायला उभे करणे ही प्रेरणा नव्हे.

आता अपौरुषेयतेच्या युक्तिवादाकडे यावे लागते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर दांपत्याने 1958 साली भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला आणि त्याच्या आधारे 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सर्वांत थोर वाटला तो साधा लोटा. किती पाणी मावेल, भरल्यावर तोल कुठे जाईल, ओतताना धार कशी पडेल, कडेवर किंवा डोक्यावर कसा बसेल, हाताला कसा लागेल, किंमत काय पडेल, अशी प्रश्नांची लांब रांग त्यांनी लोट्यासमोर मांडली. कोणा एका माणसाने लोटा डिझाइन केला असणे शक्य नाही, पिढ्यान् पिढ्यांनी तो घडवला, हे त्यांचे निरीक्षण डिझाइनच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवले जाते आणि ते शिकवलेच पाहिजे. पण त्यातून एक घसरण सहज होते. कर्ता आठवत नाही, म्हणून कर्ता नाही. मीमांसकांनी वेदाबद्दल केलेले हे विधान श्रद्धेचे आणि तर्काचे होते. लोट्याबद्दल ते खरे नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पत्र्यावर पडणारे हातोडीचे ठोके कोणा ना कोणा माणसाने घातलेले असतात. त्याचे नाव विसरले गेले ते ऐकणाऱ्याने विचारले नाही म्हणून. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांतून निघणाऱ्या चित्रांनी ही घसरण आणखी सोपी केली आहे. असंख्य माणसांच्या कामावर पोसलेले ते चित्र कोणाचेच वाटत नाही, आणि विद्यार्थ्याच्या मूड बोर्डवर ते निनावी, जणू अपौरुषेय, होऊन बसते.

घेतलेले परत कसे करायचे, याला वैदिक विचारात ऋण हा आधार आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. ऋषिऋण फिटते अध्ययनाने. ज्ञान ज्यांनी दिले त्यांना ते परत देता येत नाही. ते शिकून पुढे नेणे हीच फेड. विद्यार्थ्याच्या बोरूच्या सरावाला आणि हस्तकलांच्या काटेकोर नोंदींना या अर्थाने धार्मिक वजन आहे. शतपथ ब्राह्मण मात्र चौथे ऋण जोडते, माणसांचे. ते अध्ययनाने फिटत नाही आणि कृतज्ञतेच्या दोन ओळींनीही नाही. माणसांचे ऋण फेडायचे ते त्यांना निवारा आणि अन्न देऊन, असे ते स्पष्ट सांगते. डिझाइनच्या क्षेत्रात हे वाक्य अक्षरशः घ्यावे लागेल. ज्याच्या हातून प्रेरणा मिळाली त्याच्या चुलीपर्यंत काही पोहोचले का?

जून 2025 मध्ये मिलानच्या पुरुष फॅशन सप्ताहात प्राडाने कोल्हापुरी चपलांसारख्या चपला मंचावर आणल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रातून टीका झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे पत्राने मान्य केले. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक निर्देशांक मिळालेला होता. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. नाव मान्य झाले तेव्हा ऋषिऋणाचा एक अंश फिटला. शतपथातले चौथे ऋण चामडे कमावणाऱ्या आणि वेणी विणणाऱ्या हातांपर्यंत पैसे गेल्यावरच फिटते. कायद्याचा हात इथे तोकडा आहे. भौगोलिक निर्देशांक नावाचे रक्षण करतो. वारली चित्रकलेची नोंदही 2014 साली झाली, म्हणून भलत्याच मालाला ‘वारली’ म्हणून विकता येत नाही. त्रिकोणाची माणसे आणि टिंबांचा फेर मात्र कोणालाही काढता येतो. त्यामुळे प्रकल्पाच्या वहीत चित्रकाराचे नाव, त्याचा पाडा, त्याच्याकडे शिकलेले दिवस आणि त्याला दिलेला मोबदला यांसाठी रकाना ठेवायचा की नाही, हे सध्या विद्यार्थी आणि त्याचे शिक्षक यांनाच ठरवावे लागते.